पाणी शोषणारा द्रव आणि झिजणारे रबर : हायड्रॉलिक क्लचच्या गळतीचा इतिहास

मोटारीचे क्लच पेडल दाबले असता इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांपासून काही क्षण सुटतात, आणि हे सुटणे घडवून आणणारा जोर अनेक मोटारींत तारेने किंवा दांड्याने न जाता एका बारीक नळीतल्या द्रवामार्फत जातो. ही नळी, तिच्या दोन टोकांना असलेले दोन सिलिंडर, त्यांतले रबरी कप आणि त्यांत भरलेला थोडासा द्रव एवढाच हायड्रॉलिक क्लचचा पसारा असतो. तरीही हा पसारा गळू लागला की मोटार जागची हलत नाही, आणि गळती दिसण्याआधीची कित्येक वर्षे त्या द्रवाकडे बहुधा कोणी पाहिलेलेही नसते. एखाद्या सुट्या भागाचा दोष एवढ्याच दृष्टीने या गळतीकडे पाहिले, तर तिचे अर्धेच कारण हाती लागते. जोर वाहून नेण्यासाठी कोणता द्रव वापरायचा आणि तो कोणत्या पदार्थाने अडवून धरायचा, या दोन प्रश्नांची उत्तरे गेली दोन शतके जोडीनेच द्यावी लागली आहेत. आज कोणत्या कारणाने गळती होते आणि द्रव ठरावीक काळाने का बदलावा लागतो, हेही त्या जोडीच्या इतिहासातून नीट उलगडते.

द्रवाने जोर वाहून नेण्यामागचे तत्त्व फ्रेंच गणिती ब्लेझ पास्काल याने सतराव्या शतकाच्या मध्याला मांडले, आणि द्रवांच्या समतोलावरचा त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये प्रसिद्ध झाला. बंदिस्त द्रवावर एका जागी दाब दिला तर तो द्रवात सर्वत्र सारखाच पोहोचतो. त्यामुळे लहान दट्ट्यावर दिलेला थोडा जोर मोठ्या दट्ट्यावर क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढून मिळतो, मात्र त्याच प्रमाणात मोठा दट्ट्या कमी अंतर सरकतो. जोसेफ ब्रामा याने लंडनमध्ये १७९५ साली हायड्रॉलिक प्रेसचे पेटंट घेतले, तेव्हा हे तत्त्व यंत्रात उतरवण्यातली खरी अडचण पुढे आली. दट्ट्याभोवतीचे आवरण सैल ठेवले तर पाणी निसटे आणि घट्ट आवळले तर दाब काढल्यावर दट्ट्या परत येत नसे. या अडचणीवरच्या तोडग्याचे श्रेय ब्रामाच्या कारखान्यातला कुशल यंत्रकार हेन्री मॉडस्ली याला दिले जाते. त्याने चामड्याचे कडे पन्हळीसारखे वळवून असे बसवले की पाण्याचा दाब त्याच्या पोकळीत शिरून कडा बाहेर फाकवी आणि दट्ट्यावर दाबून धरी. दाब वाढे तशी पकड वाढे, आणि दाब ओसरला की ती आपोआप सैल होई. क्लचच्या सिलिंडरातला रबरी कप आजही याच तत्त्वावर काम करतो. द्रवाचा दाबच त्याला सिलिंडरच्या भिंतीवर घट्ट बसवतो, आणि म्हणूनच मोटार उभी असताना, दाब नसताना, त्याची सगळी मदार त्याच्या स्वतःच्या लवचिकपणावर राहते. वय झालेला कप चालत्या मोटारीपेक्षा रात्रभर उभ्या असलेल्या मोटारीत आधी पाझरू लागतो, तो यामुळेच.

मोटारींच्या पहिल्या पिढीत क्लचचा आणि द्रवाचा असा संबंध नव्हता. १९०० च्या आसपासच्या अनेक मोटारींत क्लच शंकूच्या आकाराचा असे. त्याच्या बाहेरच्या अंगावर चामडे मढवलेले असे, आणि स्प्रिंगच्या जोराने तो शंकू फ्लायव्हीलच्या खोबणीत रुतून बसे. चामडे कोरडे पडून क्लच झटक्याने पकडू लागला तर त्यावर एरंडेल तेल चोळीत, आणि तेल लागून तो घसरू लागला तर मुलतानी माती टाकीत. पुढे हर्बर्ट फ्रूड याच्या फेरोडो कंपनीने १९०८ च्या सुमारास अ‍ॅस्बेस्टॉसवर आधारित घर्षणपट्ट्या आणल्या, आणि हळूहळू चामड्याच्या शंकूची जागा कोरड्या चकतीने, म्हणजे आजच्या भाषेत क्लच प्लेटने, घेतली. ही चकती फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये स्प्रिंगच्या जोराने दाबलेली असते, आणि पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेट मागे ओढली जाऊन ती मोकळी होते. या बदलाने दोन गोष्टी कायमच्या ठरून गेल्या. चकती कोरडीच राहिली पाहिजे, तिच्यावर कोणतेही तेल किंवा द्रव पडता कामा नये, ही पहिली. आणि इंजिनाची ताकद वाढेल तशी स्प्रिंग अधिक कडक करावी लागणार, म्हणजे चालकाच्या पायावरचा भारही वाढणार, ही दुसरी.

क्लचपर्यंत पोहोचण्याआधी द्रव ब्रेकमध्ये आला, आणि क्लचमधल्या द्रवाचे व रबराचे सगळे गुणदोष ब्रेकच्या त्या पहिल्या चार दशकांत घडले. अमेरिकेत माल्कम लॉकहीड याने १९१७ पासून हायड्रॉलिक ब्रेकची पेटंटे मिळवली. त्याचे कुटुंबातले आडनाव लॉघेड असे लिहिले जाई, आणि त्याचा भाऊ अ‍ॅलन याने विमानांच्या व्यवसायात लॉकहीड हेच नाव प्रसिद्ध केले. १९२१ साली ल मां येथे झालेली फ्रेंच ग्रां प्री शर्यत जिमी मर्फी याने चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक असलेल्या ड्यूझेनबर्ग मोटारीतून जिंकली, आणि त्याच सुमारास ड्यूझेनबर्गने असे ब्रेक असलेली प्रवासी मोटारही बाजारात आणली. सुरुवातीच्या या रचनांत द्रव अडवण्यासाठी कातड्याचेच कप होते. ते वाळत, आकसत आणि गळत. शिवाय ड्यूझेनबर्गच्या रचनेत द्रव पुढच्या अ‍ॅक्सलच्या पोकळीतून वळत्या सांध्यांपर्यंत नेलेला असल्यामुळे गळतीच्या जागाही वाढल्या होत्या. १९२४ मध्ये क्रायस्लरने मध्यम किमतीच्या मोटारीत हायड्रॉलिक ब्रेक दिले, तेव्हा तिच्या अभियंत्यांनी कातड्याऐवजी रबराचे कप वापरले, आणि ही पद्धत व्यवहारात टिकण्याजोगी झाली. फोर्डने मात्र यांत्रिक ब्रेक १९३९ च्या मॉडेलांपर्यंत सोडले नाहीत. द्रवाच्या भरवशावर गाडी थांबवणे जोखमीचे आहे ही शंका किती खोल रुजलेली होती, ते या विलंबातून दिसते, आणि त्या शंकेच्या मुळाशी गळतीचीच भीती होती.

रबर आल्याने द्रवाची निवड एकदम अरुंद झाली. नैसर्गिक रबर खनिज तेलात, म्हणजे पेट्रोलियमपासून काढलेल्या कोणत्याही वंगणात, फुगते, मऊ पडते आणि आपला आकार गमावते. त्यामुळे मोटारीत सर्वत्र वापरले जाणारे इंजिन ऑइल याच एका ठिकाणी चालणार नव्हते. पाणी गोठते, लवकर उकळते आणि लोखंड गंजवते. म्हणून नुसते पाणीही बाद झाले. उरला तो पर्याय पुन्हा एरंडेलाचा होता. एरंडेल नैसर्गिक रबराला इजा करीत नाही, सरकत्या भागांना उत्तम वंगण देते, आणि इतर बहुतेक वनस्पतिज तेलांप्रमाणे वेगळे न राहता अल्कोहोलमध्ये सहज मिसळते. म्हणून जाड एरंडेल अल्कोहोलने पातळ करून ब्रेकचा द्रव बनवला जाऊ लागला. सोव्हिएत मोटारींत तर बीएसके नावाचा द्रव, म्हणजे निम्मे एरंडेल आणि निम्मे ब्युटेनॉल यांचे मिश्रण, अनेक दशके वापरात होता. ज्या एरंडाच्या उत्पादनात भारत आज जगात पहिला आहे आणि ज्याची सर्वाधिक लागवड गुजरातेत होते, त्याचे तेल याप्रमाणे मोटारीच्या सर्वांत जोखमीच्या जागी काम करीत होते. पण या मिश्रणाला मर्यादा होत्या. कडक थंडीत एरंडेल गोठू लागे, आणि अल्कोहोल कमी तापमानाला उकळत असल्याने लांब उतारावर ब्रेक तापले की नळीत वाफ होई. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. त्यामुळे नळीत वाफ झाली की पेडल खाली जाते आणि जोर पलीकडे पोहोचतच नाही.

या अडचणीवर रसायन उद्योगाने जे उत्तर दिले, ते ग्लायकॉल आणि ग्लायकॉल ईथर या द्रवांचे होते, आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात त्यांनी एरंडेलाची जागा बहुतेक ठिकाणी घेतली. हे द्रव २०० अंश सेल्सिअसच्या वर उकळतात, थंडीत पातळ राहतात आणि नैसर्गिक रबराला तसेच नंतरच्या कृत्रिम रबरांना मानवतात. मात्र ते आर्द्रताशोषक आहेत, म्हणजे हवेतली वाफ सतत ओढून घेतात. हा गुण बहुधा निव्वळ दोष म्हणून सांगितला जातो. प्रत्यक्षात तो दोन्ही बाजूंनी काम करतो. कोणत्याही बंद रचनेत, टाकीच्या झाकणाच्या छिद्रातून आणि रबरी होजच्या भिंतीतून, थोडी आर्द्रता शिरतेच. ती द्रवात विरघळली नाही तर थेंबांच्या रूपाने सर्वांत खालच्या जागी साचते, तिथे गंज धरते, थंडीत गोठते आणि उष्णतेत १०० अंशांनाच वाफ होते. ग्लायकॉल ती आपल्यात विरघळवून सर्वत्र विखुरतो आणि हा तत्काळचा धोका टाळतो. त्याची किंमत म्हणून सगळाच द्रव हळूहळू निकृष्ट होत जातो. द्रव ठरावीक काळाने बदलण्याचा नियम या निवडीतून जन्माला आला.

किंमत किती चुकवावी लागते हे मोजण्याची पद्धत अमेरिकी परिवहन खात्याच्या मानकांनी घालून दिली, आणि त्या खात्याच्या आद्याक्षरांवरून डॉट ३, डॉट ४ ही नावे जगभर रूढ झाली. या मानकांत प्रत्येक द्रवाचे दोन उत्कलनबिंदू दिलेले असतात. ताज्या, कोरड्या द्रवासाठी डॉट ३ ला किमान २०५ आणि डॉट ४ ला किमान २३० अंश सेल्सिअस अपेक्षित आहेत, सुमारे ३.७ टक्के पाणी शोषलेल्या द्रवासाठी हेच आकडे अनुक्रमे १४० आणि १५५ असे आहेत. डॉट ४ मध्ये बोरेट एस्टर नावाची संयुगे असतात. ती शिरलेले पाणी बांधून ठेवून उत्कलनबिंदूची घसरण काहीशी आटोक्यात ठेवतात. द्रव जुना होणार, त्यात पाणी शिरणार, हे मानक लिहिणाऱ्यांनी गृहीतच धरले होते. ओल्या द्रवाचा वेगळा आकडा ही त्याची कबुलीच आहे.

ब्रेकमध्ये रुळलेली ही सगळी सामग्री १९५० च्या दशकात, विशेषतः ब्रिटिश मोटारींत, क्लचकडे आली. इंजिन तोवर रबरी माउंटिंगवर बसवले जाऊ लागले होते, म्हणजे ते चॅसिसच्या मानाने डोलत असे, तर पेडल मोटारीच्या सांगाड्याला पक्के असे. या दोहोंना कडक दांड्यांनी जोडले की इंजिनाचे डोलणे क्लचपर्यंत पोहोचून मोटार सुटताना थरथरे. लवचिक होजने जोडलेल्या द्रवाला या डोलण्याशी काहीच कर्तव्य नव्हते. नळी हवी तिकडून वळवता येत असल्यामुळे डावीकडच्या आणि उजवीकडच्या स्टिअरिंगची मोटार एकाच सांगाड्यातून काढणे सोपे झाले, आणि वरून लोंबणारी पेडले बसवता आली. १९५५ च्या एमजीए मोटारीत ब्रेकचा आणि क्लचचा असे दोन्ही मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलकडचे सिलिंडर, एकाच ओतकामात शेजारी शेजारी बसवलेले होते. १९५८ च्या लँड रोव्हर सीरिज २ मध्ये आणि १९५९ च्या मिनीमध्येही क्लच हायड्रॉलिक होता. मिनीत इंजिन आडवे आणि गिअरबॉक्स त्याच्या खाली असल्याने जोर वाहून नेण्यासाठी वळणारी नळी विशेष सोयीची ठरली.

या रचनेचे काम थोडक्यात असे चालते. पेडलला जोडलेला दांडा मास्टर सिलिंडरच्या दट्ट्याला पुढे ढकलतो, दट्ट्यापुढचा कप टाकीकडे जाणारे बारीक छिद्र ओलांडून ते बंद करतो, आणि तिथून पुढे द्रव कोंडला जाऊन नळीवाटे गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरात दाब पोहोचतो. तिथला दट्ट्या एका फाट्यामार्फत रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगवर दाबतो आणि चकती सुटते. मास्टरचा व्यास १५.८७ मिलिमीटर आणि स्लेव्हचा १९.०५ मिलिमीटर असेल, तर पायाचा जोर १.४४ पटीने वाढून पोहोचतो आणि दट्ट्याचे सरकणे त्याच प्रमाणात कमी होते. पेडल सोडल्यावर कप छिद्राच्या मागे परत येतो, आणि तापून प्रसरण पावलेला द्रव टाकीत परत जाऊ शकतो. या छिद्रामुळेच हायड्रॉलिक क्लच स्वतःला जुळवून घेतो. चकती झिजत जाते तशी स्प्रिंगची बोटे बेअरिंगकडे सरकतात, स्लेव्हचा दट्ट्या थोडा थोडा मागे रेटला जातो आणि तिथला द्रव टाकीत परततो. परिणामी ब्रेकचे पॅड झिजले की टाकीतली पातळी उतरते, तर क्लचची चकती झिजली की क्लचच्या स्वतंत्र टाकीतली पातळी किंचित वाढते. म्हणून क्लचच्या टाकीत द्रव कमी झालेला दिसला तर त्याला झिजेचे निमित्त देता येत नाही. तो द्रव कुठेतरी बाहेर गेलेला असतो, आणि वरून भर घालून पातळी सारखी करणे म्हणजे निदान पुढे ढकलणे होय.

ही ब्रिटिश परंपरा भारतात आली ती परवान्यांच्या आणि भागीदारीच्या मार्गाने. मुंबईत १९४९ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी मराठी वाचकांना लँब्रेटा स्कूटरमुळे परिचित आहे. पण ब्रेकचे आणि क्लचचे भाग हेही तिच्या उद्योगाचे मोठे अंग होते, आणि भांडुपचा तिचा कारखाना मुंबईच्या औद्योगिक पट्ट्यात प्रसिद्ध होता. १९६२ मध्ये ब्रिटनच्या लुकास आणि दक्षिण भारतातल्या टीव्हीएस समूहाच्या भागीदारीतून ब्रेक्स इंडिया ही कंपनी उभी राहिली, आणि गर्लिंग या ब्रिटिश ब्रेक-उत्पादकाच्या परंपरेतले सिलिंडर व द्रव भारतातच तयार होऊ लागले. आयातीवर निर्बंध असलेल्या त्या काळात अखंड सिलिंडर बदलण्यापेक्षा त्यातले कप तेवढे बदलण्याची, म्हणजे किट टाकण्याची, रीत गॅरेजांत रुजली. सिलिंडरचा आतला भाग गुळगुळीत असेल तर ही रीत पूर्णपणे योग्य आहे. तो गंजाने खड्डेदार झालेला असेल तर नवा कपही त्या खड्ड्यांवरून घासत जातो आणि थोड्याच काळात फाटतो. मेस्त्रीने बोटाने चाचपून आणि उजेडात धरून सिलिंडरची भिंत तपासणे, ही त्या काळच्या कामातली निर्णायक पायरी होती, आणि आजही तिला पर्याय नाही.

गळतीची कारणे या पार्श्वभूमीवर क्रमाने पाहता येतात. पहिले कारण साध्या झिजेचे आहे. शहराच्या गर्दीत क्लच ब्रेकपेक्षाही अधिक वेळा दाबला जातो. प्रत्येक दाबण्यात कपाची कड भिंतीवरून घासते, आणि तिचे बारीक कण द्रवात मिसळून तो काळसर होतो. दुसरे कारण पाण्याचे आहे. ताज्या द्रवात गंजरोधक द्रव्ये घातलेली असतात. काळाने ती खर्ची पडतात आणि शोषलेले पाणी धातूला पोखरू लागते. इथे क्लचची स्थिती ब्रेकपेक्षाही अवघड असते, कारण त्याचा द्रव कुठे फिरत नाही. पेडल दाबले की तो काही मिलिमीटर पुढे जातो आणि सोडले की तेवढाच मागे येतो. स्लेव्ह सिलिंडरातला द्रव वर्षानुवर्षे तिथेच राहतो, आणि तो सिलिंडर रचनेच्या खालच्या टोकाला असल्याने गाळही तिथेच साचतो. त्यात तो बहुधा इंजिनाच्या किंवा एक्झॉस्टच्या उष्णतेजवळ असतो, आणि त्याचे रबरी बूट फाटले की रस्त्यावरचे पाणी व धूळ बाहेरच्या बाजूनेही आत शिरतात. टाकीतला द्रव स्वच्छ दिसतो म्हणून सगळा द्रव चांगला आहे असे समजणे, हा या विषयातला सर्वांत जुना गैरसमज आहे.

तिसरे कारण चुकीच्या द्रवाचे आहे. टाकीत इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचे तेल थोडेसे जरी पडले, तरी रबर आणि खनिज तेल यांचे जुने वैर जागे होते. कप फुगतात, मास्टरचे छिद्र झाकून टाकतात, द्रव परत जाऊ शकत नाही, क्लच अर्धवट सुटलेल्या अवस्थेत घसरत राहतो आणि अखेर फुगलेले कप फाटतात. असे झाल्यावर नुसता द्रव बदलून भागत नाही. सगळे कप आणि होज बदलून नळ्या धुवाव्या लागतात. चौथे कारण उलट चांगल्या हेतूने केलेल्या कामातून येते. वर्षानुवर्षे पेडलच्या ठरावीक मर्यादेत फिरलेल्या कपाने सिलिंडरचा तेवढाच भाग घासून स्वच्छ ठेवलेला असतो, आणि त्यापुढच्या भागावर गंजाचा व गाळाचा थर बसलेला असतो. द्रव बदलताना किंवा हवा काढताना पेडल जमिनीपर्यंत जोराने दाबले की जुन्या कपाची कड त्या खरखरीत भागावरून जाते आणि कापली जाते. द्रव बदलल्यानंतर काही दिवसांतच मास्टर सिलिंडर गळू लागला, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते, तिचे स्पष्टीकरण यात आहे. दोष द्रव बदलण्यात नसतो, तो बदलायला झालेल्या उशिरात असतो. अशा जुन्या मोटारीत पेडल अर्धेच दाबून, किंवा स्लेव्हचे हवा काढण्याचे निपल उघडून द्रव स्वतःच्या भाराने खाली उतरू देऊन काम करणे हितावह ठरते.

गळती बाहेर दिसतेच असे नाही. मास्टरच्या मागच्या बाजूने निसटलेला द्रव पेडलच्या दांड्यावरून मोटारीच्या आत उतरतो आणि पायाखालच्या गालिच्यात मुरतो; ग्लायकॉल रंग विरघळवत असल्याने आसपासचा रंग सुटलेला दिसतो, आणि तीच पहिली खूण ठरते. स्लेव्हची गळती बूट ओलसर करते आणि गिअरबॉक्सवरून खाली ओघळते. काही वेळा मात्र द्रव बाहेर न जाता कपाच्या कडेवरून आतल्या आत मागे सरकतो. टाकीतली पातळी तशीच राहते, पण सिग्नलवर पेडल दाबून धरले असता ते हळूहळू खाली जाते, मोटार पुढे सरकू पाहते आणि रिव्हर्स गिअर टाकताना दात खरखरतात. दोन्ही सिलिंडर एकाच वयाचे आणि एकाच द्रवात मुरलेले असल्यामुळे एकाचे कप गेले की दुसऱ्याचेही तपासले पाहिजेत.

द्रव आणि रबर यांची जोडी मुळापासून बदलण्याचे प्रयत्नही इतिहासात झाले. सिट्रोएनच्या १९५५ च्या डीएस मोटारीत सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक आणि क्लचसुद्धा उच्च दाबाच्या द्रवावर चाले; आधी वनस्पतिज आणि मग संश्लेषित लाल द्रव तिच्यात वापरला गेला. तो पाणी शोषी आणि सूक्ष्म फटींच्या व्हॉल्व्हना गंज धरी. १९६६ च्या उत्तरार्धात कंपनीने पाणी न शोषणारे हिरवे खनिज तेल स्वीकारले, आणि त्याबरोबर मोटारीतले सगळे रबर खनिज तेलात टिकणाऱ्या जातीचे केले. द्रवांची गल्लत होऊ नये म्हणून भागांनाही हिरवी खूण दिली. दुसरा प्रयत्न सिलिकोनचा. डॉट ५ या नावाने ओळखला जाणारा जांभळा सिलिकोन द्रव अमेरिकी सैन्याने दीर्घकाळ उभ्या राहणाऱ्या वाहनांसाठी स्वीकारला, कारण तो पाणी शोषत नाही. पण तो पाणी शोषत नाही म्हणूनच शिरलेले पाणी खालच्या जागी साचते, आणि त्यात हवेचे बुडबुडे सहज अडकत असल्याने पेडल काहीसे मऊ लागते. हा द्रव ग्लायकॉलमध्ये मिसळत नाही, डॉट ५.१ मात्र नाव सारखे असूनही ग्लायकॉलच्याच कुळातला आहे. या दोन्ही प्रयोगांतून एकच गोष्ट सिद्ध झाली : टाकीत काय भरायचे हे झाकणावर लिहिलेल्या द्रवाप्रमाणेच ठरले पाहिजे, कारण आतले रबर त्याच एका द्रवासाठी निवडलेले असते.

अलीकडच्या चार दशकांत गळतीची किंमत आणखी वाढली, आणि त्याला कारण स्लेव्ह सिलिंडरचे स्थलांतर. साब कंपनीच्या जुन्या ९०० मॉडेलसारख्या मोटारींत स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या शाफ्टभोवती कड्यासारखा बसवलेला असे आणि रिलीज बेअरिंग थेट त्याच्या तोंडावरच असे. साबमध्ये क्लच समोरून हाताशी येत असल्याने ही रचना दुरुस्तीला सोपी होती. हीच समकेंद्री रचना इतरत्र पसरली तेव्हा सिलिंडर गिअरबॉक्सच्या आवरणाच्या आत गेला. फाटा, दांडा आणि सांधे कमी झाले, पेडल हलके झाले. पण कप पाझरला की द्रव थेट कोरड्या चकतीच्या शेजारी पडतो, आणि अगदी स्वस्त रबरी भागासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. म्हणूनच अशा मोटारीत क्लच प्लेट बदलताना हा सिलिंडर, तो त्या वेळी गळत नसला तरी, सोबतच बदलण्याची शिफारस केली जाते, आणि म्हणूनच तिच्यात वेळेवर बदललेल्या द्रवाचे मोल पूर्वीपेक्षा अधिक आहे.

द्रव कधी बदलावा या प्रश्नाचे उत्तर सहा दशकांत फारसे बदललेले नाही. १९६० च्या दशकातल्या ब्रिटिश मोटारींच्या पुस्तिका दर १८ महिन्यांनी किंवा २४,००० मैलांनी द्रव बदलण्यास, आणि ३ वर्षांनी किंवा ४०,००० मैलांनी सगळे कप व होज तपासून गरजेप्रमाणे नवे घालण्यास सांगत. कृत्रिम रबर सुधारले, विशेषतः ईपीडीएम हे ग्लायकॉलमध्ये दीर्घकाळ टिकणारे रबर आले, आणि कप बदलण्याची अट पुस्तिकांतून नाहीशी झाली. द्रवाची मुदत मात्र बहुतेक उत्पादकांनी आजही सुमारे दोन वर्षांचीच ठेवली आहे, कारण पाणी शोषण्याचा ग्लायकॉलचा स्वभाव तोच आहे. ही मुदत किलोमीटरपेक्षा कालावधीवर मोजावी, कारण उभ्या मोटारीतही द्रव आर्द्रता ओढत असतो. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या पावसाळी हवेत तर ती ओलांडू देणे अधिकच अहितकारक आहे. द्रव तपकिरी किंवा काळा झाला असेल, पेडल मऊ लागत असेल किंवा सिलिंडर बदलला असेल, तर मुदतीची वाट पाहू नये. नवा द्रव नेहमी बंद डब्यातला घ्यावा. उघडून महिनोन्महिने ठेवलेला डबा टाकीइतकाच पाणी पीत असतो. आणि ब्रेकचा द्रव बदलताना क्लचचे निपलही उघडले गेले, हे मोटारमालकाने विचारून घ्यावे. अनेक आधुनिक मोटारींत दोघांची टाकी एकच असते, तरी क्लचच्या नळीतला जुना द्रव तिच्या स्वतःच्या निपलमधूनच बाहेर पडतो, आणि हीच पायरी गॅरेजात सर्वाधिक वगळली जाते.

क्लच पेडलच नाहीसे होत असलेल्या काळातही हा विषय संपलेला नाही. २०२० मध्ये ह्युंदाईने भारतात व्हेन्यू मोटारीत आणलेल्या आयएमटी रचनेत पेडल नाही, पण विजेवर चालणारा अ‍ॅक्च्युएटर द्रवाचा दाब निर्माण करून तो गिअरबॉक्सच्या आतल्या समकेंद्री सिलिंडरापर्यंत पोहोचवतो. विजेच्या मोटारींना क्लच नसला, तरी त्यांचे ब्रेक द्रवावरच चालतात. पाय गेला, द्रव आणि रबर राहिले. मॉडस्लीच्या चामडी कड्यापासून ईपीडीएमच्या कपापर्यंत प्रत्येक पिढीने गळती अधिक काळ पुढे ढकलली, आणि ती पुढे ढकलण्याच्या रचनेत एक काम माणसासाठी शिल्लक ठेवले : ठरल्या वेळी जुना द्रव काढून नवा भरणे. ते काम रचना आखणाऱ्यांनी पहिल्यापासून गृहीत धरले आहे, आणि ते चुकवले गेले की सिलिंडरचे धातुकाम, रबराची जात आणि द्रवाचा दर्जा यांतली इतक्या पिढ्यांची सुधारणा व्यर्थ जाते.